घट्ट म्हणजे किती?

पाकक्रियेच्या पुस्तकात सगळ्या जिनसांची मापे दिलेली असतात. डाळ वाटीने, तूप पळीने, पाणी भांड्याने. मिठापाशी मात्र लेखिका हात टेकते आणि 'चवीपुरते' एवढे लिहून मोकळी होते. सासूच्या हाताखाली चार वर्षे काढलेल्या सुनेला तो शब्द पुरतो. परगावी खोली घेऊन एकट्याने स्वयंपाक करणाऱ्या मुलाला तो काहीच सांगत नाही.

यंत्रांच्या जगातही असाच एक शब्द फार दिवस चालला. तो शब्द म्हणजे 'घट्ट'. "बोल्ट घट्ट आवळ" असे उस्तादाने सांगायचे आणि शागिर्दाने आवळायचे. कमी पडला तर शिवी, जास्त झाला तर बोल्ट तुटून पुन्हा शिवी! घट्ट म्हणजे नेमके किती, हे उस्तादाच्या मनगटाला ठाऊक असे, पण त्याच्या जिभेला सांगता येत नसे. आज एखादा हौशी माणूस आपल्या पडवीत मोटारीचे किंवा विहिरीवरचे एंजिन उघडतो, नवी पॅकिंगे घालतो, पुस्तकात पाहून प्रत्येक बोल्ट ठरल्या मापाने आवळतो आणि एंजिन सुरू करतो. उस्तादाच्या मनगटातले ज्ञान त्याच्या हाती आले कसे? त्याची हकीकत सुमारे दोनशे वर्षांची आहे.

प्रथम बोल्ट करतो काय, ते पाहू. आपली समजूत अशी की बोल्ट म्हणजे दोन तुकड्यांना जोडणारा खिळा. खरे म्हणजे बोल्ट ही एक स्प्रिंग आहे. नट फिरवला की बोल्टची दांडी ताणली जाते, किंचित लांब होते आणि परत आखूड होण्याची धडपड करते. त्या धडपडीनेच दोन तुकडे एकमेकांवर दाबले जातात. ताण वाढवावा तशी लांबी वाढते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली मांडला. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी बोल्ट नीट आवळला, की तो दीड-दोन दशांश मिलिमीटर लांबतो. म्हणजे वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढा! एवढ्याशा ताणावर सारे एंजिन उभे असते.

तंबोरा लावणाऱ्याची आठवण येथे सहज होते. तोही खुंटी पिळून तार ताणतो. परंतु त्याला स्वर ऐकू येतो आणि स्वर लागला की त्याचा हात थांबतो. बोल्टमधून स्वर निघत नाही. थांबायचे कोठे, हे तेथे कोणी सांगत नाही.

आता एंजिनच्या डोक्यावर, म्हणजे मिस्त्री लोक ज्याला 'हेड' म्हणतात त्यावर, केवढा भार पडतो त्याचा हिशेब करून पाहा. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटीमीटर भरते. डिझेल पेटले की आतला दाब दर चौरस सेंटीमीटरला ६० किलोग्रॅम होतो असे धरले, तर हेडला खालून ३,००० किलोग्रॅमचा, म्हणजे तीन टनांचा धक्का बसतो. एंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर असे ७५० धक्के एका मिनिटात. हेड चार बोल्टांनी धरले असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण टन येतो. प्रत्येक बोल्ट आधीच त्याहून पुष्कळ जास्त ताणलेला असला, तर या धक्क्यांचा थोडासाच अंश त्याच्या अंगी लागतो. तो सैल राहिला तर मात्र प्रत्येक धक्का तो अंगावर घेतो आणि वारंवार वाकवलेल्या तारेसारखा थकून एक दिवस तुटतो. म्हणजे बोल्ट तुटतो तो दरवेळी जास्त आवळल्यामुळेच असे नाही. अनेकदा तो कमी आवळल्यामुळे तुटतो.

इतके समजायला माणसाला फार काळ लागला. कारण त्याआधी त्याला एक साधी गोष्ट साधावी लागली. ती म्हणजे एकासारखा दुसरा बोल्ट तयार करणे.

मळसूत्र ही वस्तू जुनीच आहे. आर्किमिडीजच्या नावाने पाणी उपसण्याचे मळसूत्र प्रसिद्ध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोने मळसूत्राच्या दाबयंत्राचे आणि लाकडात आटे पाडण्याच्या हत्याराचे वर्णन करून ठेवले आहे. रोमन लोक अशा दाबयंत्राने ऑलिव्हचे तेल आणि द्राक्षांचा रस काढीत. परंतु हे आटे हाताने कोरलेले. धातूचे बोल्ट आणि नट झाले, तरी कित्येक शतके कारागीर कानस आणि साच्याच्या साहाय्याने, नजरेने आटे पाडीत. या बोल्टाला हाच नट बसायचा, दुसरा नाही. यंत्र उघडताना प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे. खुणा पुसल्या की पंचाईत!

हे बदलले ते हेन्री मॉड्सले या लोहाराने. त्याचा जन्म १७७१ साली लंडनजवळच्या वुलिच येथे झाला. अठराव्या वर्षी तो जोसेफ ब्रामा या प्रसिद्ध कुलूपकर्त्याच्या कारखान्यात लागला आणि तेथला मुख्य कारागीर झाला. आठवड्याला तीस शिलिंग मजुरीत संसार भागेना, म्हणून त्याने वाढ मागितली. ब्रामाने नकार दिला. १७९७ साली मॉड्सले बाहेर पडला आणि त्याने स्वतःचे दुकान थाटले. तीस शिलिंगांवर चार शिलिंग चढवायला नकार देऊन ब्रामाने काय गमावले, हे पुढे साऱ्या इंग्लंडने पाहिले.

मॉड्सलेने १८०० सालाच्या सुमारास आटे पाडण्याचा लेथ परिपूर्ण केला. या लेथमध्ये कापणारे हत्यार माणसाच्या हातात नसते. ते एका सरकत्या आधारात घट्ट बसवलेले असते, आणि एक अचूक मळसूत्र त्याला पुढे सरकवते. म्हणजे एका चांगल्या मळसूत्रापासून हवी तितकी चांगली मळसूत्रे निपजू लागली. त्याने केलेले एक मळसूत्र पाच फूट लांब आणि दोन इंच जाड होते. त्याच्यावर दर इंचाला ५० आटे होते, आणि त्याला बसणाऱ्या फूटभर लांबीच्या नटात आतून ६०० आटे होते! त्याच्या बाकावर एक मोजयंत्र असे, इंचाचा दहा-हजारावा भाग दाखवणारे. कारखान्यात मापावरून वाद झाला की शेवटचा निकाल ते देई. म्हणून त्याचे नाव पडले होते 'लॉर्ड चॅन्सेलर'.

मॉड्सलेच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांत जोसेफ व्हिटवर्थ होता. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. एका कारखान्यातले आटे आता सारखे झाले, परंतु शेजारच्या कारखान्याचे आटे निराळेच आहेत. त्याने इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली, सरासरी काढली आणि १८४१ साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे एक निबंध ठेवला. आट्याचा कोन सर्वत्र ५५ अंशांचा असावा, पाव इंची बोल्टावर दर इंचाला २० आटे असावेत, अर्ध्या इंचीवर १२, एक इंचीवर ८, अशी ती योजना. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली. क्रिमियाच्या युद्धात तोफनावांसाठी ९० दिवसांत ९० एंजिने हवी झाली, तेव्हा नमुन्याच्या एंजिनाचे भाग सुटे करून निरनिराळ्या कारखान्यांना वाटून दिले, आणि तयार झालेले भाग एकत्र आणून जुळवले. ते जुळले! पंचवीस वर्षांपूर्वी असे कोणी सुचवले असते, तर त्याला वेड्यात काढले असते.

अमेरिकेने मात्र निराळी वाट धरली. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंशांच्या कोनाचा आटा सुचवला. त्याचे म्हणणे असे की व्हिटवर्थचा गोलसर माथ्याचा आटा करायला कुशल कारागीर आणि अनेक हत्यारे लागतात. साठ अंशांचा सपाट माथ्याचा आटा कोणताही साधा फिटर करील. त्यात तथ्य होते. साठ अंशांचा कोन तर आमचा पाचवीतला विद्यार्थीही कंपासने काढतो.

पाच अंशांचा हा फरक शाळेच्या फळ्यावर क्षुल्लक दिसतो. परंतु आटे न जुळणे म्हणजे काय, हे ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोर शहराने पाहिले. रविवार होता. शहराच्या व्यापारी पेठेला आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क अशा ठिकाणांहून बंब धावून आले. बंब आले, माणसे आली, नळात पाणीही होते. परंतु परगावच्या कितीतरी नळ्यांच्या तोंडाचे आटे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात! पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या. मदतीला धावून आलेली माणसे हातात कोरडी नळी घेऊन उभी राहिली, याहून मोठी विटंबना ती कोणती?

दुसऱ्या महायुद्धात या भेदाने पुन्हा छळले. रोल्स-रॉइसचे 'मर्लिन' हे विमानाचे एंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने करायचे ठरले. अमेरिकन कारखान्यात ब्रिटिश आट्यांची हत्यारे कोठली? परंतु इंग्लंडमध्ये उतरलेल्या विमानाला तिथलाच नट बसला पाहिजे. पॅकार्डने ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारे मुद्दाम स्वतः तयार केली आणि युद्ध संपेपर्यंत पंचावन्न हजारांवर एंजिने केली. युद्धानंतर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये एकाच आट्याच्या करारावर सह्या केल्या. कोन अमेरिकेचा, आट्याच्या बुडाची गोलाई इंग्लंडची. त्याच सुमारास, १९४७ साली, जगभरच्या प्रमाणांसाठी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या शेकडो समित्यांत पहिल्या क्रमांकाची समिती आहे ती मळसूत्राच्या आट्यांची.

आपल्याकडे या साऱ्या इतिहासाचे थर मिस्त्रीच्या पेटीत एकावर एक पडलेले असत. चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि मग 'दहा-अकरा', 'बारा-तेरा' असे मिलिमीटरचे पाने आले. जुन्या एंजिनावर काम करताना दोन्ही जातींचे पाने जवळ ठेवावे लागत. एक जातीचा पाना दुसऱ्या जातीच्या नटावर चालवला की नटाचे कोपरे गेलेच म्हणून समजावे.

येथपर्यंत बोल्ट सारखा झाला, नट सारखा झाला. आवळणारा हात मात्र ज्याचा त्याचाच राहिला.

एक युक्ती पूर्वीपासून होती. लहान बोल्टाचा पाना आखूड करायचा, मोठ्याचा लांब. म्हणजे साधारण माणसाच्या जोराने साधारण योग्य ताण यावा. परंतु साधारण माणूस कोठे भेटतो? एकाचा दंड पहिलवानाचा, दुसरा कारकुनासारखा. त्यातून कोणी पान्याला नळीचा तुकडा जोडून दांडा लांब करतो, आणि मग सारा हिशेबच बुडतो.

न्यू यॉर्क शहराच्या पाणीखात्यात कॉनरॅड बार नावाचा माणूस होता. मोठ्या नळांच्या जोडावरचे बोल्ट जास्त आवळले जाऊन तुटू नयेत, म्हणून त्याने १९१८ साली जोर मोजणारा पाना योजला असे सांगतात. जॉन शार्प याने १९३१ साली अशा पान्याच्या पेटंटासाठी अर्ज केला. पॉल स्टर्टेव्हंट याने क्रायस्लर कंपनीकडून परवाना घेऊन असे पाने बनवून विकायला आरंभ केला. यांतला पहिला प्रकार अगदी साधा आहे. पान्याचा दांडा जोराने किंचित वाकतो. त्याला समांतर एक मोकळी सळई असते, ती वाकत नाही. तिचे टोक पट्टीवरचा आकडा दाखवते. नंतरच्या प्रकारात दांड्याच्या पोटात स्प्रिंग असते. ठरलेला जोर आला की आतला खटका निसटतो आणि 'खट्' असा आवाज होतो. तंबोऱ्याच्या तारेला जो स्वर होता, तो बोल्टाला अखेर असा मिळाला.

या जोराला टॉर्क म्हणतात. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोग्रॅमचे वजन लटकवले, तर नटावर दहा किलोग्रॅम-मीटर टॉर्क पडतो. बारा मिलिमीटरचा बोल्ट आठ किलोग्रॅम-मीटरने आवळला, तर त्यात सव्वातीन टनांच्या आसपास ताण येतो. एका माणसाच्या दंडाने तीन टन! मळसूत्राची ही किमया आहे.

परंतु एवढ्याने गोष्ट संपत नाही. आपण पान्याला जो जोर लावतो, त्यातला सुमारे निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, आणखी सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. रुपयातले नव्वद पैसे दलालाच्या खिशात जावेत आणि शेतकऱ्याच्या हाती दहा पडावेत, तसाच हा प्रकार. आट्यांना तेल लावले की घर्षण घटते, आणि मग पान्यावर तोच आकडा असून बोल्टात सव्वातीन टनांच्या जागी चार टनांहून अधिक ताण येऊ शकतो. आट्यांत गंज किंवा माती असली तर उलट. पाना खोटे बोलत नाही. पण त्याला विचारलेला प्रश्नच निराळा असतो. आपल्याला हवा ताण, आणि तो सांगतो पिळा. म्हणून घरी एंजिन बांधणाऱ्याने पुस्तकातला आकडा पाहण्याआधी त्याच्या शेजारची ओळ वाचावी. आटे कोरडे ठेवायचे की तेलाचे, ते तिथे लिहिलेले असते. बोल्ट आणि त्याची भोके आधी स्वच्छ करावीत. भोकाच्या तळाशी तेल साचलेले असेल, तर बोल्ट त्यावरच टेकतो आणि तेलाच्या दाबाने ओतीव लोखंडाला तडासुद्धा जातो.

या घर्षणाला चुकवण्यासाठी पुढे कारखान्यांनी आणखी एक वाट काढली. आधी हलक्या टॉर्कने बोल्ट बसवून घ्यायचा, आणि तेथून पुढे जोर न मोजता कोन मोजायचा. आटा दीड मिलिमीटरचा असेल, तर पाव फेऱ्यात नट पावणेचार दशांश मिलिमीटर पुढे सरकतो, मग घर्षण कितीही असो. काही बोल्ट तर मुद्दाम त्यांच्या लवचिकपणाच्या हद्दीपर्यंत ताणतात. असे बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत, नवे घालायचे. ही काटकसरीची जागा नव्हे.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. अनेक बोल्टांचे हेड असेल तर आरंभ मधल्या बोल्टांपासून करून दोन्हीकडे बाहेर जायचे. चार बोल्ट असतील तर समोरासमोरचे, फुलीसारखे. आणि तेही एका दमात नाही, तीन टप्प्यांत. शाळेत नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवताना आम्ही हात मधून कडांकडे फिरवतो, नाहीतर मध्ये फुगा राहतो. हेडच्या पॅकिंगचे तसेच आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली, आणि मोटेच्या जागी एंजिनाची फटफट महाराष्ट्राच्या विहिरी-विहिरींवर ऐकू येऊ लागली. त्याबरोबर एंजिन दुरुस्त करणारे मिस्त्रीही गावोगाव तयार झाले. अशाच एका वृद्ध मिस्त्रींना मी आमच्या शेजारच्या पडवीत काम करताना पाहिले आहे. पोत्यावर एंजिन मांडलेले, वहिनींच्या ताटल्यांत बोल्ट वेगवेगळे ठेवलेले. फाल्गुनाचे दिवस, उसाची पाणीपाळी आलेली. हेडमधून वाफ निघाली असती तर आठ दिवसांत पीक करपले असते. मिस्त्रींनी साध्या पान्याने चारही बोल्ट आवळले. शेजाऱ्यांचा मुलगा कोठूनसा टॉर्क पाना मागून आणून शेजारीच बसला होता.

"मिस्त्रीकाका, लावून बघू का?"

"लाव की. बघू तरी काय म्हणतो."

पहिल्या बोल्टाला पाना लावताच खटका वाजला. दुसऱ्याला वाजला, तिसऱ्याला वाजला. चाळीस वर्षांचे मनगट होते ते! भिंतीकडचा चौथा बोल्ट मात्र निमूटपणे फिरला, चांगला अर्धपाव फेरा, आणि मग खटका आला. मुलगा काही बोलला नाही. मिस्त्री वाकून त्या कोपऱ्याकडे पाहत म्हणाले, "तिथं खांदा नीट बसत नाही बाळा. हाताला वाटलं झालं म्हणून."

त्यांनी पाना मागून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि आकडे वाचू लागले. किती ठेवायचा, तेल लावायचे की नाही, हे त्यांनी त्या मुलालाच विचारले.

त्यांच्या मनगटाला मी कमी लेखत नाही. चारांतले तीन बोल्ट त्याने बरोबर सांगितले. परंतु ते मनगट ते कोणाला उसने देऊ शकत नव्हते, आणि खांदा अडला की खुद्द त्यांनाही ते पुरत नव्हते. मॉड्सलेपासून बारपर्यंत सगळ्यांची खटपट एवढ्याचसाठी होती. एकाच्या अंगी असलेले कसब शब्दांत आणि आकड्यांत उतरावे, आणि ज्याने उस्तादाचे तोंडही पाहिले नाही, त्या माणसाच्याही हाती ते पडावे.

खंडेनवमीला कारखान्यांतून हत्यारे धुऊन-पुसून पूजेला मांडतात. त्यांत हा पाना असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. खटक्याच्या पान्याचे काम संपले की त्याची मूठ उलटी फिरवून आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणायचा आणि मगच तो पेटीत ठेवायचा. स्प्रिंग ताणलेली ठेवून दिली तर ती हळूहळू थकते, आणि पुढच्या खेपेला पाना चुकीच्या जागी 'खट्' म्हणतो.